पलीकडचं स्टेशन

चार गाड्या एकाच वेळी धावल्या पाहिजेत आणि एकीचीही दुसरीशी गाठ पडता कामा नये, एवढीच थोरलीची अट होती. अट ऐकायला सोपी आहे. पण गाड्या खेळण्यातल्या असल्या तरी गाड्याच. त्यांना एका टेबलावर नांदवायचं म्हणजे चार जावांना एका ओट्यापाशी उभं करण्यातलाच प्रकार. थोरली रोज संध्याकाळी कामावरून आली की पायांतल्या चपलाही न काढता खुर्चीत टेकायची आणि कागद पुढे ओढून गोल काढायला लागायची. गोलात गोल, त्याच्या आत आणखी एक गोल. मग पेन्सिल बोटांत तशीच राहायची आणि मान पुढे पडायची.

एवढ्या दमलेल्या बाईला हा उद्योग सांगितला कोणी? सांगितला बोलक्या बाईने.

बोलकी बाई हे घरात पडलेलं नाव. बाबांना पुन्हा बोलतं करण्यासाठी दवाखान्यातून ती यायची, आणि स्वतः मात्र शब्द जपून वापरायची, म्हणून धाकट्या भावाने खवचटपणे ठेवलेलं. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. समजायचं सगळं. कोण काय म्हणालं, कोण काय म्हणायचं टाळलं, हेसुद्धा. पण बोलायला गेले की ओठ हलायचे, मान थरथरायची आणि शेवटी डावा हात हवेत उडवून ते नाद सोडून द्यायचे.

"शब्द गेलेले नाहीत, आत अडकलेत," बोलकी बाई म्हणाली होती. "पण वापरात आले नाहीत, तर खरंच जातील. आणि जे परत यायचंय ते आत्ताच, पुढच्या काही महिन्यांतच येईल. त्यांचा जीव कशात होता? ते त्यांच्यासमोर ठेवा."

जीव कशात होता हे सांगायला ज्योतिषी नको होता. मागच्या खोलीत, जेमतेम वळसा घालण्यापुरती जागा सोडून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल होतं, आणि टेबलावर बाबांची रेल्वे. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांच्या पोटात हात घालायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या गाड्यांच्या. टेबलाच्या अलीकडच्या टोकाला त्यांचं स्टेशन, पलीकडच्या टोकाला आईचं. मध्ये एक टेकडी, टेकडीत बोगदा, आणि बोगद्यातून जाणारी एकच लाइन. येणाऱ्यांना तीच, जाणाऱ्यांनाही तीच.

म्हणून नियम होता. ज्याच्या हातात बॉबिन, त्याचीच गाडी सुटणार. बॉबिन म्हणजे शिवणयंत्राची साधी रिकामी बॉबिन, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. ती पलीकडे असेल तर मागायची, आणि मागायची ती तोंडाने. खुणा चालायच्या नाहीत. "लाइन मोकळी आहे का?" बाबा खड्या आवाजात विचारायचे, जणू आई टेबलापलीकडे नसून तीन गावं सोडून बसली आहे. आई हातातलं काम खाली ठेवायची, बोगद्यात वाकून बघायची (तिथे काय असणार? पण बघायची) आणि सांगायची, "मोकळी आहे. सोडा." मग बॉबिन टेबलावरून घरंगळत यायची. आई गेल्यानंतर बाबा एकटेच खेळू लागले. आपल्या स्टेशनवरून प्रश्न विचारायचे, टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचे, आईच्या स्टुलावर बसून "मोकळी आहे, सोडा" म्हणायचे आणि परत येऊन गाडी सोडायचे. थोरली दारातून बघायची. तिला हसू यायचं आणि मग तिथे उभं राहवायचं नाही.

आता हे दोन्ही आवाज बंद होते.

थोरली बस डेपोत ड्यूटी लावायची. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी कधी न्यायची, कोणाला सुट्टी, कोणाची पाळी बदलायची, हा सगळा डोक्याला ताप तिच्या टेबलावर. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, कारण समोरचा काय मागायला आलाय हे तिला चेहऱ्यावरूनच कळायचं. माणूस दारात दिसला की ती म्हणायची, "सकाळची पाळी हवीय ना? दिली. पुढचा." ड्रायव्हर तिला मनकवडी म्हणायचे. तिलाही ते मनातून आवडायचं. रांग पटापट सरकायची आणि तोंडाला तोंड लागायचा प्रश्नच यायचा नाही.

घरीही तेच. बाबांची नजर तांब्याकडे वळली की पेला भरलेला. भुवई वर गेली की पंखा बंद. चादर, चष्मा, खिडकी, कशालाही बाबांना ओठ हलवायची वेळ येऊ द्यायची नाही ती. शेजारपाजारचे म्हणायचे, लेक असावी तर अशी. लेक मात्र उभ्या उभ्या डुलक्या काढायला शिकली होती.

धाकटा दुसऱ्या शहरात. त्याचं येणं जमलं नाही की तो इंजिन पाठवायचा. वाढदिवस हुकला, इंजिन. बाबा दवाखान्यात असताना फक्त एकदाच येऊन गेला, तर चक्क डब्यांसकट अख्खी गाडी. अशा न झालेल्या भेटींच्या गाड्या कपाटात खोक्यांमध्ये साठल्या होत्या. बोलक्या बाईने सांगितल्यावर धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, सगळ्या एकदम चालव. बाबांना असं काही दिसलं पाहिजे की तोंडातून 'वा' तरी निघेल."

हे तिला पटलं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याने आखलेलं काहीही पटतं.

खेळण्यातल्या रेल्वेचं सामान विकणाऱ्या दुकानात तिने फोन लावला. दुकानदार आधी खोलीचं माप विचारेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने विचारलं, "चालवणारी माणसं किती?"

"कोणीच नाही असं धरा," थोरली म्हणाली. "वडिलांचा हात चालत नाही आणि मला वेळ नाही. एक बटन दाबलं की चारही आपोआप पळाल्या पाहिजेत."

"मग फारच सोपं," दुकानदार म्हणाला.

आणि खरंच, कागदावर ते सुंदर जमलं. दोन मोठे गोल, एक आत, एक बाहेर. प्रत्येक गोलावर दोन गाड्या. प्रत्येक गोलाचे रूळ तुकड्या-तुकड्यांत तोडायचे, म्हणजे प्रत्येक तुकड्याची वीज वेगळी. पुढच्या तुकड्यात गाडी असली की मागच्या तुकड्यातली वीज आपोआप बंद. मागची गाडी गुमान थांबते, पुढची सरकली की निघते. टक्कर नाही, सांधे बदलणं नाही, कोणी कोणाला विचारणं नाही. डेपोत असं काही असतं तर, असं थोरलीच्या मनात आलं आणि तिने पेन्सिलीचं टोक समाधानाने चावलं.

या गोलांत बोगद्यातल्या एकेरी लाइनला जागा नव्हती. आईच्या स्टेशनलाही नव्हती. एका सुट्टीच्या सकाळी ती जुने रूळ उखडायला बसली. बाबा दाराशी खुर्चीत होते. ती बोगद्याच्या तोंडापाशी आली तसे ते काठी टेकत उठले, जवळ आले आणि त्यांनी डावा हात रुळावर ठेवला. नुसता ठेवला. उचलेनात.

थोरलीने चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. "जपूनच काढतेय, बाबा. वाकणार नाहीत, काळजी नको."

बाबांचे ओठ हलले. ती पुढच्या खिळ्याकडे वळली होती. थोड्या वेळाने हात निघाला. आईचं स्टेशन तिने कापडात गुंडाळून खोक्यात भरलं, बॉबिनही त्यातच टाकली आणि खोकं कपाटावर चढवलं.

पुढचे कित्येक दिवस तिने डेपोतून यावं, बाबांचं आवरावं आणि टेबलाखाली शिरावं. वायरी ओढून, तापल्या सळईने जोड देऊन देऊन मानेचा पार चुथडा झाला. एकदा ती टेबलाखालीच झोपली. जाग आली तेव्हा अंगावर बाबांची शाल होती. एका हाताने ती पांघरताना त्यांना किती यातायात करावी लागली असेल, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिला आठवलं ते एवढंच, की सकाळच्या पाळीचा तक्ता लावायचा राहिलाय.

उद्घाटनाला धाकटा आला. यावेळी खरोखरच आला, आणि सोबत इंजिन नव्हतं, हे विशेष. बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं. थोरलीने बटन दाबलं.

चारही गाड्या निघाल्या. मागची थांबते काय, पुढची सरकते काय, आतली बाहेरचीला मागे टाकते काय. कुठे म्हणून अडखळणं नाही. धाकट्याने टाळ्या वाजवल्या, फोनवर चित्रण केलं, "ताई, मानलं तुला!" म्हणाला. थोरली गाड्यांकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती, 'वा' निघतो का म्हणून.

बाबांनी चार फेऱ्या बघितल्या. मग त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं, जिथे आता दोन रुळांची वळणं होती आणि बाकी काही नव्हतं. मग काठी टेकत उठले आणि आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गाड्यांना त्यांच्या जाण्याने काहीच फरक पडला नाही. त्या फिरत राहिल्या.

थोरलीला रडू नाही आलं, राग आला. धाकट्याचा, दुकानदाराचा, बोलक्या बाईचा आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीचा. एवढं रक्त आटवलं, आणि एक 'वा' नाही? धाकटा दुपारच्या गाडीने परत गेला. त्यानंतर बाबा त्या खोलीकडे फिरकले नाहीत. बोलक्या बाईपुढेही ओठ हलवेनासे झाले. ती जाताना म्हणाली, "हे ठीक नाही. आधी निदान प्रयत्न तरी करायचे."

मग डेपोत ती गोष्ट घडली.

मिशीवाला म्हणून एक जुना ड्रायव्हर होता. मिशी मोठी, माणूस गरीब. तो रांगेत पुढे आला तशी थोरलीने पेन उचललं. चेहरा उतरलेला, डोळे लाल, खांदे पडलेले. "उद्या रजा. दिली. पुढचा."

मिशीवाला हलला नाही. "मॅडम, मला बोलू तर द्या."

"दिली म्हटलं ना रजा."

"तीच तर नको आहे!" त्याचा आवाज एवढा चढला की रांगेतले सगळे माना वर करून बघायला लागले. "मागेही आलो होतो, तुम्ही रजा दिलीत. त्याच्या आधी आलो होतो, तेव्हाही रजा दिलीत. मला ड्यूटी हवीय, मॅडम. बायको गेल्यापासून घर खायला उठतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा लावा. पण तुम्ही तोंडच उघडू देत नाही, आणि मग मी आपला रजा घेऊन घरी जाऊन बसतो."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. थोरलीने त्याला ड्यूटी लावली. उरलेल्या रांगेतल्या प्रत्येकाला तिने विचारलं, "काय हवंय?" रांग संपायला फार वेळ लागला.

घरी येताना बसमध्ये तिला उभंच राहावं लागलं. रुळावर ठेवलेला तो हात डोळ्यांपुढून हलेना.

आल्या आल्या ती बाबांच्या खोलीत गेली. "बाबा, त्या दिवशी मी रूळ काढत होते, तुम्ही हात ठेवलात. काय म्हणायचं होतं?"

बाबांनी मान वळवली. ओठ हलले. थोरलीने दात घट्ट मिटून घेतले, नाहीतर उत्तर तिच्याच तोंडून निघालं असतं. बराच वेळ गेला. शब्द नाही आला. पण बाबा उठले, मागच्या खोलीपर्यंत आले आणि काठी उचलून त्यांनी कपाटावरचं खोकं दाखवलं.

तिने पुन्हा कागद घेतला. गोल मधोमध तोडले आणि त्याच रुळांचे दोन छोटे गोल जोडले: एक बाबांकडे, एक पलीकडे. दोन गाड्या या टोकाला, दोन त्या टोकाला. आपापल्या बाजूला हवं तेवढं फिरा, पण इकडून तिकडे जायचं तर टेकडीतून, त्या एकाच लाइनवरून. आपोआप वीज तोडणारी सगळी कारागिरी तिने स्वतःच्या हाताने उपटून काढली. बाबांच्या डाव्या हाताशी येईल असा कंट्रोलर बसवला. आईचं स्टेशन कापडातून निघालं तेव्हा त्याच्या छपराचा एक कोपरा मोडलेला होता. बाबांनी तो तुकडा डाव्या हाताने जागेवर धरला आणि तिने चिकटवला.

मग ती आईच्या स्टुलावर बसली आणि बॉबिन मुठीत घेतली.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी गाडी टेकडीच्या तोंडाशी आणून थांबवली आणि बोटाने बोगदा दाखवला. त्यांना काय हवंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. थोरलीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. बाबांनी पुन्हा बोट दाखवलं. मग टेबलावर थाप मारली. मग अशी थाप मारली की एक डबा रुळावरून घसरला. शेवटी ते निघून गेले, आणि जन्मदात्याला छळणारी आपण कोण लागून गेलो, असं वाटून ती तिथेच रडली. तिने कधी कोणाला काही नाकारलं नव्हतं. साधा तांब्याही नाही.

पण दुसऱ्या संध्याकाळी बाबा आधीच टेबलापाशी येऊन बसले होते.

नंतर रोज बसू लागले. गाडी बोगद्यापाशी यायची आणि थांबायची. बाबांची मान थरथरायची, "ल... ल..." एवढं निघायचं आणि बुडायचं. थोरली थांबायची. दिवसभर बसगाड्यांना घाई, ड्रायव्हरांना घाई, घड्याळाला घाई, आणि इथे नुसतं बसून राहायचं. हे तिला टेबलाखाली वायरी जोडण्यापेक्षा जड जायचं. कधी अख्खी संध्याकाळ एकही गाडी पलीकडे जायची नाही.

एक दिवस डेपोत सगळंच अंगावर आलं. बस बंद पडल्या, माणसं आली नाहीत, प्रवासी काउंटरवर येऊन तिला बोल लावून गेले. घरी येऊन तिने बाबांचं आवरलं आणि स्टुलावर येऊन बसली. बाबांनी गाडी हळूहळू आणली, थांबवली. तिने बॉबिन मुठीत धरली आणि वाट बघू लागली. वाट बघता बघता डोकं टेकडीला टेकलं. टेकडी कागदाच्या लगद्याची, पण गालाला बरी वाटली.

"द..."

तिने डोळे उघडले. बाबांचे ओठ हलत होते.

चुकीचं अक्षर, असं तिला वाटलं. 'लाइन'चा ल हवा. बाबा, लाइन म्हणा, लाइन, असं सगळं जिभेवर आलं आणि तिने जीभ चावली. बाबा बोगद्याकडे बघत नव्हते. गाडीकडेही नाही. टेबलावरून सरळ तिच्याकडे बघत होते. कपाळावर घाम आला होता.

"दम..." ते थांबले. डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली. "दमलीस."

थोरलीला आठवेना, हे तिला शेवटचं कोणी म्हटलं होतं. सगळ्यांचे चेहरे तिने वाचले होते. तिचा चेहरा कोणी वाचत बसलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि हा माणूस एवढे दिवस ल, ल करत, थाप मारत, तिच्यासमोर बसून तेच करत होता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "खूप दमलेय."

बाबांनी मान हलवली. मग डावा हात कंट्रोलरवर नेऊन त्यांनी बटन मागे फिरवलं, पार शून्यावर. इंजिनाचा इवलासा दिवा मंद झाला आणि विझला.

थोरलीने मूठ उघडली, बॉबिन टेबलावर ठेवली आणि डोकं पुन्हा टेकडीला टेकवलं. आपल्या गाड्या इकडे, बाबांच्या तिकडे. लाइन मोकळी होती, आणि आज कोणालाच कुठे जायचं नव्हतं.